कागदावर नसलेली बंदी

१९८९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लॉस एंजेलिसच्या 'रेडर्स' या व्यावसायिक फुटबॉल संघाने आर्ट शेल यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक केली. राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील एका संघाची सूत्रे कृष्णवर्णीय माणसाच्या हाती आली, ही अमेरिकेत मोठी बातमी होती आणि तिचे स्वागतही झाले. मात्र शेल यांना 'पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक' म्हणताना एक विशेषण जपून जोडावे लागत होते. ते 'आधुनिक काळातील' पहिले होते. कारण याच लीगच्या दुसऱ्या मोसमात, म्हणजे १९२१ साली, ओहायो राज्यातील ॲक्रन गावच्या संघाचे प्रशिक्षकपद एका कृष्णवर्णीय खेळाडूने सांभाळले होते. फ्रेडरिक डग्लस पोलार्ड हे त्यांचे नाव. लोक त्यांना फ्रिट्झ म्हणत. शेल यांची नेमणूक झाली तेव्हा पोलार्ड यांच्या निधनाला तीन वर्षे उलटून गेली होती.

या दोन नेमणुकांमध्ये ६८ वर्षे गेली. एवढ्या दीर्घ काळात त्या देशात पात्र माणूसच निपजला नाही, असे कोणीही म्हणणार नाही. मग मध्यंतरी घडले काय? कोणता ठराव झाला, कोणता नियम संमत झाला, त्यावर सही कोणाची होती? शोधू गेल्यास असा एकही कागद हाती लागत नाही. लीगने कृष्णवर्णीयांवर बंदी घातल्याचे कोठेही नमूद नाही. पण १९३४ पासून १९४५ पर्यंतच्या बारा मोसमांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू तिच्या मैदानावर उतरला नाही, हे मात्र सत्य आहे. पोलार्ड यांच्या आयुष्याकडे आज पुन्हा वळून पाहावयाचे ते या विसंगतीमुळे. अलिखित अन्याय लेखी अन्यायापेक्षा चिवट असतो. तो करणाऱ्याला निर्दोष ठेवतो आणि सोसणाऱ्याकडेच पुरावा मागतो. क्रीडेच्या इतिहासात याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

विद्यापीठाच्या मैदानावर

पोलार्ड यांचा जन्म २७ जानेवारी १८९४ चा, शिकागोच्या रॉजर्स पार्क या उपनगरातला. वडील जॉन पोलार्ड यांचा केशकर्तनाचा व्यवसाय होता. यादवी युद्धात ते उत्तरेच्या बाजूने लढले होते. गुलामगिरीविरोधी चळवळीचे थोर नेते फ्रेडरिक डग्लस यांचे नाव त्यांनी मुलाला ठेवले, यावरून घरातील संस्कारांची कल्पना येते. वस्ती बहुतांशी गोऱ्यांची होती आणि तीत जर्मन वळणाची कुटुंबे पुष्कळ होती. 'फ्रिट्झ' हे टोपणनाव त्यांच्याकडून आलेले. भावंडांत खेळाची आवड होती आणि थोरल्यांच्या हाताखाली हा मुलगा लहानपणीच तयार झाला.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा अगदी निराळा. अंडाकृती चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाची फळी भेदीत पुढे धावायचे आणि प्रतिपक्षाने त्या धावणाऱ्याला अंगाला भिडून खाली पाडायचे, हे त्याचे मूळ स्वरूप. अंगावर धावून जाणे हा येथे खेळाचाच भाग असतो. साहजिकच एखाद्या खेळाडूविषयी मैदानावरील इतरांच्या मनात आकस असेल तर त्याला इजा करण्यासाठी वेगळा नियमभंग करावा लागत नसे. अशा खेळात पावणेसहा फूट उंचीचा, पंचाहत्तर किलोच्या आसपास वजनाचा कृष्णवर्णीय तरुण चेंडू घेऊन धावू लागला, तेव्हा त्याच्यापाशी वेग आणि चपळाई यांखेरीज दुसरे शस्त्र नव्हते.

१९१५ साली पोलार्ड यांनी प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठात प्रवेश घेतला. त्या काळी तेथे कृष्णवर्णीय विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असत. खर्च भागविण्यासाठी ते आपल्या खोलीत सहाध्यायांच्या कपड्यांना इस्त्री करून देत. त्या वर्षीच्या कामगिरीमुळे ब्राउनच्या संघाला कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील प्रतिष्ठेच्या सामन्याचे निमंत्रण आले. 'रोझ बोल' या नावाने पुढे ख्यातनाम झालेल्या या सामन्यात १ जानेवारी १९१६ रोजी पोलार्ड उतरले आणि त्यात खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. पावसाने चिखल झालेल्या मैदानावर त्यांच्या वेगाचा उपयोग झाला नाही आणि ब्राउनचा संघ वॉशिंग्टन स्टेटकडून १४-० असा हरला. पण पुढच्याच मोसमात त्यांनी ती उणीव भरून काढली. १९१६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्राउनने येलचा २१-६ आणि लगोलग हार्वर्डचा २१-० असा पराभव केला. अमेरिकन फुटबॉलचे हे दोन बालेकिल्ले एकाच मोसमात सर करणे ब्राउनला त्यापूर्वी कधी जमले नव्हते. त्या खेळातील अधिकारी पुरुष वॉल्टर कॅम्प दरवर्षी देशातील सर्वोत्तम खेळाडूंचा काल्पनिक संघ जाहीर करीत. त्यात चेंडू घेऊन धावणाऱ्यांच्या फळीत स्थान मिळविणारे पोलार्ड हे पहिले कृष्णवर्णीय. म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांच्या पात्रतेविषयी शंका घेण्यास जागा उरलेली नव्हती.

ॲक्रनचे विजेतेपद

पैसे घेऊन फुटबॉल खेळणे हा त्या काळी प्रतिष्ठेचा व्यवसाय नव्हता. विद्यापीठांचे खेळाडू आणि त्यांचे मार्गदर्शक व्यावसायिकांकडे तुच्छतेने पाहत. ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील कारखानदारीच्या गावांत मात्र असे संघ उभे राहिले होते. कामगार आठवडाभर राबत आणि रविवारी सामन्याला गर्दी करीत. गावागावांत चुरस होती आणि पैजाही लागत. ॲक्रन हे त्यांतलेच एक गाव, रबर आणि टायर यांच्या कारखान्यांचे. १९१९ साली पोलार्ड तेथील संघात दाखल झाले. मधल्या काळात पहिल्या महायुद्धाच्या वेळी त्यांनी लष्करी छावणीत शारीरिक शिक्षणाचे काम केले होते आणि पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाच्या संघाला ते प्रशिक्षण देत होते.

गावाने आपल्या संघात त्यांना घेतले खरे. पण गावात घेतले असे म्हणता येणार नाही. सामन्याआधी कपडे बदलण्यासाठी इतर खेळाडूंच्या खोलीत आपल्याला जागा नसे, संघाच्या मालकाच्या सिगार कारखान्यात तयार होऊन मोटारीने मैदानावर जावे लागे, असे पोलार्ड यांनी पुढे सांगितले आहे. मैदानावर तर ते खाली पडले की त्यांच्या अंगावर चारसहा जण धावून येत. त्यावर त्यांनी स्वतःची युक्ती शोधून काढली होती. जमिनीवर पडताच ते उताणे होत आणि खिळ्यांचे बूट घातलेले दोन्ही पाय वर करून सायकल चालविल्यासारखे हलवीत. जवळ येणाऱ्याला दोनदा विचार करावा लागे. कोणाशी हमरीतुमरीवर न येता आपले रक्षण करण्याचा तो मार्ग होता. मारामारी केली तर मैदानाबाहेर कोणाला जावे लागेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायोतील कँटन येथे मोटारविक्रीच्या एका दुकानात या संघांचे चालक जमले आणि त्यांनी एक संघटना स्थापन केली. हीच पुढे १९२२ साली 'राष्ट्रीय फुटबॉल लीग' झाली. स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकलेले जिम थॉर्प हे तिचे पहिले अध्यक्ष आणि कँटन संघाचे प्रमुख खेळाडू. पहिल्याच मोसमात ॲक्रनने थॉर्प यांच्या संघाला दोनदा हरविले. डिसेंबरमध्ये शिकागोत जॉर्ज हालास यांच्या संघाशी झालेला अखेरचा महत्त्वाचा सामना ०-० असा बरोबरीत सुटला. ॲक्रनने आठ सामने जिंकले, तीन बरोबरीत राखले आणि एकही गमावला नाही. संपूर्ण मोसमात त्यांच्याविरुद्ध केवळ सात गुण झाले. लीगचे पहिले विजेतेपद ॲक्रनला मिळाले आणि त्या संघाचा प्रमुख आधार पोलार्ड होते. पुढच्या वर्षी एल्गी टोबिन यांच्यासमवेत त्यांच्याकडे संघाचे प्रशिक्षकपदही आले. गोरे खेळाडू एका कृष्णवर्णीयाच्या सूचनेनुसार खेळले आणि त्यामुळे आकाश कोसळले नाही.

पोलार्ड यांनी या संधीचा उपयोग एकट्यासाठी केला नाही, हेही नोंदविले पाहिजे. त्यांच्या प्रयत्नाने पॉल रॉबसन ॲक्रनच्या आणि पुढे मिलवॉकीच्या संघात आले. गायक व अभिनेते म्हणून रॉबसन यांचे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. पण कोलंबिया विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करीत असताना हा कलावंत व्यावसायिक फुटबॉल खेळून खर्च भागवीत असे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ड्यूक स्लेटर हे दुसरे नामवंत खेळाडू. दहा वर्षे लीगमध्ये खेळून ते पुढे शिकागोत न्यायाधीश झाले. १९२० ते १९३३ या काळात असे तेरा कृष्णवर्णीय खेळाडू लीगमध्ये आले. संख्या मोठी नव्हती. पण दार उघडे होते.

दार मिटले कसे?

पोलार्ड यांनी मिलवॉकी, हॅमंड, प्रॉव्हिडन्स अशा संघांकडून १९२६ पर्यंत या लीगमध्ये खेळ केला. तिशी ओलांडल्यावर खेळाडूने निवृत्त व्हावे, हे स्वाभाविकच. प्रश्न त्यांच्या निवृत्तीचा नाही, त्यांच्यामागून येणाऱ्यांचा आहे. तिसऱ्या दशकाच्या अखेरीस कृष्णवर्णीयांची संख्या रोडावत गेली. १९३३ साली शिकागोच्या संघात जो लिलार्ड आणि पिट्सबर्गच्या संघात रे केम्प असे दोघेच उरले होते. १९३४ साली एकही उरला नाही.

याची कारणे शोधताना दोन गोष्टी समोर येतात. पहिली जागतिक मंदी. लाखो गोरे कामगार बेकार असताना कृष्णवर्णीयाला पैसे देऊन खेळविणे प्रेक्षकांना रुचणार नाही, असा हिशेब मालकांनी केला. दुसरी गोष्ट लीगच्या बदलत्या रूपाची. छोट्या औद्योगिक गावांचे संघ मावळले, मोठ्या शहरांचे संघ उरले आणि खेळाला प्रतिष्ठा येऊ लागली. जॉर्ज प्रेस्टन मार्शल हे १९३२ मध्ये बॉस्टनच्या संघाचे मालक म्हणून लीगमध्ये आले. पाच वर्षांनी त्यांनी तो संघ वॉशिंग्टनला नेला. प्रेक्षकांना खेळाबरोबर करमणूक हवी हे त्यांनी ओळखले होते आणि लीगच्या भरभराटीत त्यांचा वाटा मोठा होता. आपल्या संघात कृष्णवर्णीय नको, हा त्यांचा आग्रहही तितकाच जगजाहीर होता. व्यवसायाला प्रतिष्ठा नसते तेव्हा तो गुणाला विचारतो; प्रतिष्ठा आली की त्याच्या दारावर पहारे बसतात. हा अनुभव केवळ फुटबॉलचा नाही.

तथापि सगळा दोष एका मार्शल यांच्या माथी मारून इतरांना मोकळे सोडणे योग्य होणार नाही. लीगमध्ये इतर मालक होते. त्यांपैकी प्रत्येकाला कृष्णवर्णीय खेळाडू घेण्याची पूर्ण मुभा होती आणि बारा मोसमांत एकानेही ती वापरली नाही. पुढे विचारणा झाली तेव्हा हालास यांच्यासह जुन्या मालकांनी अशी बंदी कधीच नव्हती असे सांगितले. हे उत्तर एका अर्थाने खरेच होते, आणि नेमके त्यातच त्याचे सामर्थ्य होते. बेसबॉलमध्येही हाच प्रकार चालू होता. तेथे कृष्णवर्णीयांना दूर ठेवणाऱ्या अलिखित समझोत्याला 'सद्गृहस्थांचा करार' असे नाव पडले होते. ज्या करारावर सही करण्याची कोणाचीच तयारी नसते, त्याला सद्गृहस्थांचा म्हणावे, यातील उपरोध त्या काळी अनेकांना जाणवला नसावा.

या काळात पोलार्ड स्वस्थ बसले नव्हते. १९२८ मध्ये त्यांनी शिकागोत केवळ कृष्णवर्णीय खेळाडूंचा 'ब्लॅक हॉक्स' हा संघ काढला. गोऱ्या संघांशी सामने घेऊन दोन्ही वर्णांचे खेळाडू एका मैदानावर निर्वेधपणे खेळू शकतात हे लोकांच्या नजरेस आणावे, हा त्यामागचा हेतू. मंदीत तो संघ बुडाला. मग १९३५ ते १९३८ या काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत 'ब्राउन बॉम्बर्स' संघाला त्यांनी प्रशिक्षण दिले. मुष्टियोद्धा जो लुई यांच्या टोपणनावावरून या संघाचे नाव घेतले होते. लायक कृष्णवर्णीय खेळाडूच उपलब्ध नाहीत, ही सबब किती पोकळ होती हे या दोन संघांनी दाखविले. पण पुरावा पुढे ठेवून उपयोग काय? आरोप कोणी मान्यच करीत नव्हते. नियम लेखी असता तर तो रद्द करा असे म्हणता आले असते, न्यायालयात जाता आले असते, निदान तो कोणत्या तारखेला झाला हे तरी सांगता आले असते. येथे झगडायचे कशाशी? दर वर्षी प्रत्येक संघ स्वतंत्रपणे आपले खेळाडू निवडीत होता आणि त्यांत एकही कृष्णवर्णीय नसणे हा दर वर्षी योगायोगच ठरत होता.

केनी वॉशिंग्टन यांचे उदाहरण याबाबत पुरेसे बोलके आहे. १९३९ च्या मोसमात लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा हा खेळाडू देशात अग्रेसर ठरला. जॅकी रॉबिन्सन हे त्याचे तेव्हाचे सहकारी. लीगने १९३६ पासून विद्यापीठांतील खेळाडू निवडण्याची पद्धत सुरू केली होती. दर वर्षी शेकडो नावांचा विचार होई. वॉशिंग्टन यांना कोणत्याही संघाने निवडले नाही. पुढे सहासात वर्षे ते दुय्यम लीगमध्ये खेळले आणि त्यांचे गुडघे निकामी होत गेले. लीगचे दार त्यांच्यासाठी उघडले तेव्हा त्यांच्या उमेदीची वर्षे सरली होती.

चावी कोणाच्या हातात होती?

आणि ते दार मालकांच्या मनःपरिवर्तनामुळे उघडले नाही. १९४६ साली क्लीव्हलँडचा 'रॅम्स' संघ लॉस एंजेलिसला हलविण्यात आला आणि त्याने तेथील 'कोलिझियम' हे भव्य मैदान मागितले. मैदान सार्वजनिक मालकीचे होते. जनतेच्या पैशातून बांधलेल्या वास्तूत जनतेच्या एका भागाला मज्जाव करणाऱ्या संघाला जागा का द्यावी, असा रोखठोक सवाल हॅली हार्डिंग आणि इतर कृष्णवर्णीय पत्रकारांनी मैदानाच्या व्यवस्थापकांसमोर टाकला. संघाला उत्तर देणे भाग पडले आणि मार्च महिन्यात केनी वॉशिंग्टन यांच्याशी करार झाला. पाठोपाठ वुडी स्ट्रोड आले. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी लीगमधील क्लीव्हलँडच्या संघाने मॅरियन मॉटली आणि बिल विलिस यांना घेतले. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ साली वर्णभेदाची भिंत पाडली, त्याच्या आदल्या वर्षीची ही घटना. पण ती लोकांच्या स्मरणात फारशी राहिली नाही.

मार्शल यांचा वॉशिंग्टनचा संघ तर आणखी सोळा वर्षे अडून राहिला. राजधानीत संघीय जमिनीवर नवे क्रीडांगण उभे राहिले तेव्हा, १९६१ मध्ये, केनेडी यांच्या मंत्रिमंडळातील अंतर्गत व्यवहारमंत्री स्ट्यूअर्ट उडाल यांनी त्यांना बजावले की, भेदभाव चालू ठेवाल तर हे क्रीडांगण मिळणार नाही. १९६२ च्या मोसमात बॉबी मिचेल यांच्यासह कृष्णवर्णीय खेळाडू त्या संघात दिसू लागले. लॉस एंजेलिस काय आणि वॉशिंग्टन काय, दोन्हीकडे अलिखित बंदी मोडली ती लेखी कराराच्या आधाराने. भाडेपट्टा हा कागद होता, त्यावर अटी घालता येत होत्या आणि त्या मोडल्या तर काय होईल हे सांगता येत होते. उपदेशाने जे इतक्या वर्षांत झाले नाही ते जागा नाकारण्याच्या एका इशाऱ्याने झाले.

यापुढील प्रसंग अधिक क्लेशदायक आहे. १९६३ साली कँटन येथे व्यावसायिक फुटबॉलचे 'कीर्तिमंदिर' उघडले. पहिल्या सतरा मानकऱ्यांमध्ये थॉर्प होते, हालास होते आणि मार्शलही होते. पोलार्ड तेव्हा हयात होते. विद्यापीठीय फुटबॉलने त्यांचा सन्मान १९५४ मध्येच केला होता. ब्राउन विद्यापीठाने १९८१ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या लीगचे पहिले विजेतेपद त्यांच्या संघाने मिळविले, तिच्या कीर्तिमंदिरात मात्र त्यांना जागा मिळाली नाही. ११ मे १९८६ रोजी वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कुटुंबीयांच्या आणि चाहत्यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २००५ साली त्यांचा तेथे समावेश झाला. दार लावून घेणाऱ्याचा गौरव आधी झाला. त्या दारातून प्रथम आत आलेल्याचा बेचाळीस वर्षांनी, आणि तोही मरणोत्तर.

असे म्हणणारे भेटतात की, जुन्या काळातील माणसांना आजच्या फूटपट्टीने मोजू नये. हा युक्तिवाद एरवी विचार करण्याजोगा असला तरी येथे तो लागू पडत नाही. १९३४ च्या मालकांना मोजण्यासाठी आजची फूटपट्टी आणण्याची गरजच नाही. १९२० ची पुरेशी आहे. कृष्णवर्णीय खेळाडू संघात असू शकतो, तो संघ अजिंक्य ठरू शकतो, त्याच्या हाती संघाचे नेतृत्व देता येते, हे त्याच लीगने चौदा वर्षे आधी पाहिले होते. काळाबरोबर माणूस आपोआप सुधारत जातो, या भाबड्या समजुतीला पोलार्ड यांच्या जीवनकथेने चांगलाच छेद दिला आहे. मिळालेला हक्क परत जाऊ शकतो आणि तो जाताना कोणी घोषणा करीत नाही.

दुसरा आक्षेप असा की, पोलार्ड यांचे आयुष्य काही वाया गेले नाही. हे खरे आहे. शिकागोत गुंतवणुकीचा व्यवसाय, न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वृत्तपत्र, कलावंतांना कामे मिळवून देणारी संस्था, चित्रपटनिर्मिती, करसल्लागाराचे काम असे अनेक उद्योग त्यांनी केले आणि स्वाभिमानाने जगले. त्यांच्या मुलाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. पण ज्या माणसाला खेळ शिकविण्याची विद्या अवगत होती त्याला वयाच्या पस्तिशीनंतर त्या खेळाच्या मुख्य प्रवाहात काम मिळू नये, ही हानी त्याच्या इतर यशाने भरून निघत नाही. शिवाय ती त्याची एकट्याची नव्हे. त्याच्या हाताखाली जे प्रशिक्षक तयार झाले असते, त्यांच्या हाताखाली आणखी जे झाले असते, ती सारी परंपराच खुंटली. १९८९ साली शेल यांना पुन्हा 'पहिले' व्हावे लागले ते त्यामुळे.

लेखी उपायाची गरज

२००२ साली जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी या वकिलांनी लीगमधील प्रशिक्षकांच्या नेमणुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय प्रशिक्षकांची कामगिरी सरस असूनही त्यांना उशिरा नेमले जाते आणि लवकर काढले जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर लीगने नियम केला की, मुख्य प्रशिक्षकाची जागा भरताना अल्पसंख्य समाजातील निदान एका उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. पिट्सबर्ग संघाचे डॅन रूनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. या प्रश्नावर काम करण्यासाठी २००३ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने पोलार्ड यांचे नाव धारण केले. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या संघाने हा नियम पाळला नाही म्हणून त्याच्या व्यवस्थापकाला दोन लाख डॉलर दंड झाला. २००७ च्या फेब्रुवारीत अंतिम सामन्यातील दोन्ही संघांचे प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते.

मुलाखतीची सक्ती म्हणजे देखावा, गुणवत्तेचा अपमान, अशी टीका या नियमावर होते. टीकेत तथ्य नाही असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांनी लीगवर खटला भरला तेव्हा त्यांची एक तक्रार हीच होती: निवड आधीच झालेली असताना केवळ नियमाची पूर्तता म्हणून आपल्याला मुलाखतीस बोलाविले गेले. निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय असलेल्या त्या लीगमध्ये खटला दाखल झाला त्या दिवशी बत्तीस संघांमध्ये कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक एकच होता. नियम असूनही मन बदलले नाही, असा याचा अर्थ कोणी काढील. तो बरोबरही असेल. पण म्हणून नियम निरुपयोगी ठरत नाही. पोलार्ड यांच्या पिढीपाशी तक्रार करण्यासाठी कलमच नव्हते. आज नियम मोडला तर दंड करता येतो, पाळल्याचे सोंग केले तर न्यायालयात दाद मागता येते. देखाव्याचीही नोंद होते आणि नोंद झालेली गोष्ट नाकारणे कठीण जाते. कागदावर नसलेल्या बंदीला कागदावरचा उपाय हवा, असे जे म्हणावयाचे ते एवढ्याचसाठी.

शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा कोणाही संस्थेत वावरणाऱ्या माणसाला हा व्यवहार परका वाटण्याचे कारण नाही. 'असा काही नियम नाही' हे वाक्य प्रत्येक संस्थेत उच्चारले जाते आणि ते बहुधा खरेही असते. म्हणून संस्थेला प्रश्न विचारायचा तो तिच्या नियमांविषयी नव्हे, तिच्या हजेरीपटाविषयी. किती वर्षांत कोण आत आले, कोण आले नाही आणि आलेले कोठपर्यंत पोहोचले, याचा हिशेब मागावा. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे नियम १९३४ साली निर्दोष होते. हजेरीपट तसा नव्हता.

मार्शल यांचे स्मारक राजधानीतील क्रीडांगणासमोर अनेक वर्षे उभे होते. जून २०२० मध्ये ते हटविण्यात आले. त्याने इतिहास पुसला जातो असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, पुसण्याचे काम फार पूर्वी झाले होते. ॲक्रनचा प्रशिक्षक कोण होता, हे अमेरिकेला १९८९ साली नव्याने सांगावे लागले. ज्या संस्थेला आपले पहिले पाऊल आठवत नाही, तिला प्रत्येक पिढीत तेच पाऊल पुन्हा टाकता येते आणि त्याबद्दल पुन्हा पाठ थोपटून घेता येते. फ्रिट्झ पोलार्ड यांना न्याय द्यावयाचा तर कीर्तिमंदिरातील अर्धपुतळा पुरेसा नाही. ६८ वर्षांचा हिशेब त्या लीगच्या चालकांनी डोळ्यांसमोर ठेवावा आणि प्रत्येक नव्या नेमणुकीच्या वेळी तो उघडून पाहावा.